डीव्हीडी ड्राइव्ह गायब झाली, नवीन घ्यावी का?

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपवर विंडोज १० आहे. गाणी सीडीवर घेण्याचं एक जुनं सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि तेव्हापासून 'धिस पीसी'त डीव्हीडी ड्राइव्ह दिसत नाही. ट्रे उघडतो, दिवाही लागतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावावर पिवळं चिन्ह आणि 'कोड ३९' येतो. बर्डीवरच्या एका दुकानात ड्राइव्ह गेली म्हणून सांगितलं. नवीन घेऊ का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : एवढ्यात घेऊ नका. ट्रे उघडतो यावरून फक्त वीज पोचते एवढंच कळतं. पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हचं नाव येतंय, म्हणजे डेटा केबलही काम करते. बिघाड बहुधा विंडोजमध्येच आहे. सीडी लिहिणारी सॉफ्टवेअर्स ड्राइव्हच्या ड्रायव्हरवर (ड्राइव्ह चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) आपला 'फिल्टर', म्हणजे एक जोड-फाइल, बसवतात. सॉफ्टवेअर काढलं तरी रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतली) नोंद मागे उरते. विंडोज ती फाइल शोधतं, ती सापडत नाही, आणि अख्खी ड्राइव्हच बंद पडते.

आधी सोपा उपाय करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडा आणि संगणक रीस्टार्ट करा. ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो, डाउनलोड करायची गरज नाही.

तरीही कोड ३९ आला, तर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, 'रेजएडिट' (regedit) टाइप करून एंटर दाबा, म्हणजे रजिस्ट्री उघडेल. 'एचकी लोकल मशीन'मधून सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास असं आत जा. तिथे '४डी३६ई९६५'ने (4D36E965) सुरू होणारी की, म्हणजे रजिस्ट्रीतला फोल्डर, शोधा. उजवीकडे 'क्लास'समोर 'सीडीरॉम' लिहिलेलं दिसलंच पाहिजे. त्या कीवर राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट'ने प्रत काढून ठेवा. मग उजवीकडच्या 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या नोंदी पुसा (एकच असेल तर तेवढीच) आणि रीस्टार्ट करा. इथे घाई नको : शेजारची '४डी३६ई९६७' ही हार्ड डिस्कची आणि '४डी३६ई९६बी' ही कीबोर्डची की आहे. तिथले फिल्टर पुसले तर विंडोज सुरू होणार नाही किंवा कीबोर्ड चालेनासा होईल. सीडी लिहिणारं दुसरं एखादं सॉफ्टवेअर यानंतर अडलं, तर ते पुन्हा इन्स्टॉल करावं लागेल.

ज्यांच्याकडे डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावच येत नाही, त्यांनी बायॉस (संगणक सुरू होताना, विंडोजच्या आधी उघडता येणारा सेटिंग्जचा पडदा) पाहावं. तिथेही ड्राइव्ह नसेल तर रजिस्ट्रीत हात घालण्यात अर्थ नाही. संगणक बंद करून प्लग काढा. ७ पिनांची सॅटा डेटा केबल आणि १५ पिनांची पॉवर केबल दोन्हीकडून काढून नीट बसवा. मग डेटा केबल बदलून आणि मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट वापरून पाहा. आपल्याकडे उन्हाळाभर कूलरसमोर ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये ओल आणि धूळ दोन्ही जातात, त्यामुळे जोडण्यांवर गंज धरतो. अलीकडेच एम.२ एसएसडी (थेट मदरबोर्डवर बसणारी छोटी स्टोरेज पट्टी) लावली असेल तर मदरबोर्डचं मॅन्युअल वाचा. बऱ्याच बोर्डांवर ती लावल्यावर एखादा सॅटा पोर्ट आपोआप बंद होतो.

प्रश्न : ड्राइव्ह दिसते, सीडी चालते, पण डीव्हीडी टाकली की 'डिस्क टाका' म्हणते. असं का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : सीडीसाठी ७८० आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा वेगळा लेसर असतो. दुसऱ्या दोन-तीन डीव्हीडी लावून पाहा. त्याही चालल्या नाहीत, तर लेन्स ब्लोअरने साफ करा, किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल किंचित लावलेल्या कापसाच्या काडीने अलगद पुसा. तरी फरक पडला नाही तर डीव्हीडीचा लेसर क्षीण झाला असं समजा. तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा ड्राइव्ह बदललेली परवडते.