बदलानं माणूस खरंच घडतो का, आणि पंचेचाळिशीनंतर जमतं का?

तुम्ही लिहिलंय की बँकेत बावीस वर्षं झाली, आता नवी संगणक प्रणाली येतेय, हाताखालची पोरं आठवड्यात शिकतात, तुमचा मात्र जीव घाबरा होतो. आणि जो तो सांगतो, बदलानंच माणूस घडतो. हे खरं का, असं तुमचं विचारणं आहे. मी तुमच्या जागेवर दोनदा उभा राहिलोय, म्हणून लिहितो.

1977 साली दहावी झालो आणि कराडच्या एका छापखान्यात जुळारी म्हणून लागलो. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारा. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची धातूची पट्टी, समोर केस, म्हणजे खिळे ठेवायची लाकडी पेटी, तिच्यात लहान-मोठे खण. कुठल्या खणात कुठलं अक्षर हे पाठ असावं लागे. खिळ्यावर अक्षर उलटं, आरशात दिसावं तसं. इंग्रजीला दोन केस पुरत. मराठीला अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा-वेलांट्या धरून आम्ही चार मांडायचो. मला ते हाताला बसायला आठ महिने लागले. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून यायच्या.

आमचे फोरमन, त्यांना सगळे अण्णा म्हणत, चूक सहन करायचे नाहीत. त्याला कारणही होतं. 'कि'च्या जागी 'की' हवी असेल तर ओळीची रुंदीच बदलायची. मग बांधलेल्या मजकुराचा दोरा सोडा, चिमट्यानं खिळा काढा, स्पेस कमी करा, ओळ पुन्हा घट्ट बसवा. एका वेलांटीला पाच मिनिटं. म्हणून अण्णा म्हणायचे, "आधी डोक्यात बरोबर कर, मग हातात घे." शुद्धलेखनाचे 1962 चे चौदा नियम आणि 1972 मध्ये भर पडलेले चार, असे अठरा नियम त्यांनी माझ्याकडून म्हणून घेतले होते. लग्नपत्रिका असो, पतसंस्थेचा अहवाल असो की ग्रामपंचायतीचं पावतीपुस्तक, त्यांच्या हाताखालून ऱ्हस्व-दीर्घ चुकून जात नसे.

1992 मध्ये मालकांनी संगणक घेतला. पुण्याहून मराठी फॉन्टच्या फ्लॉप्या आल्या, त्यांच्याबरोबर एक डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायची किल्लीसारखी डबी. ते मागे लावलं नाही तर मराठी उमटायचंच नाही. पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये पान लावायचं, बटर पेपरवर लेझर प्रिंट काढायची, त्याची प्लेट करून ऑफसेटवर, म्हणजे प्लेटवरून छापणाऱ्या यंत्रावर, चढवायची. आम्ही पाच जण चार दिवसांत करायचो ते काम एक मुलगी एका दिवसात करू लागली. वीस वर्षांची असेल, टायपिंग क्लासमधून आलेली. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा, घरात दोन लहान पोरं.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण 'बदल घडवतो' म्हणणारे ती नेहमी गाळतात. मी शिकलो ते माझ्या जिद्दीवर शिकलो नाही. मालकांनी मला सहा महिने पूर्ण पगार दिला आणि संध्याकाळी सहानंतर संगणक मोकळा ठेवला. ती मुलगी रोज तासभर थांबायची. बायकोनं शिवणकाम वाढवलं, कारण ओव्हरटाईम बंद झाला होता. ही तीन माणसं नसती तर आज मी तुम्हाला उत्तर लिहीत नसतो.

अण्णांना हे मिळालं नाही. त्यांचं वय छप्पन्न, डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागलेला. मॉनिटरवरची अक्षरं त्यांना थरथरताना दिसायची. त्यांना कुणी सहा महिने दिले नाहीत, आणि खरं सांगायचं तर आम्ही कुणी त्यांच्यासाठी मागितलेही नाहीत. खिळे मोडीत किलोवर विकायचं ठरलं. भंगारवाला दुपारी यायचा होता. सकाळी मी आलो तर अण्णा केससमोर उभे होते, आदल्या रात्रीच्या शेवटच्या जॉबचे खिळे एकेक करून आपापल्या खणात टाकत होते. सगळं वितळवायलाच जाणार होतं. मी म्हटलं, "अण्णा, राहू द्या की आता." ते म्हणाले, "काम अर्धं टाकून जाऊ व्हय?" आणि शेवटचा खिळा टाकेपर्यंत थांबले नाहीत. त्यानंतर छापखान्यात ते फारसे आले नाहीत.

अण्णांमध्ये शिकण्याची हिंमत कमी होती असं कुणी म्हटलं की मला राग येतो. बदल सगळ्यांच्या दारात एकाच दिवशी येतो, पण कुणाच्या पाठीशी किती बळ आहे हे सारखं नसतं.

आता माझ्यात काय बदललं ते सांगतो. पहिले दोन महिने फार वाईट गेले. जुळारी म्हणून माझा हात गावात चांगला समजला जायचा, आणि इथं मी एक परिच्छेद टाईप करायला तास घालवत होतो. ती मुलगी मला दादा म्हणायची. तिला प्रश्न विचारताना सुरुवातीला माझा आवाज चढायचा. एकदा तिनं शांतपणे विचारलं, "दादा, ही 'वऱ्हाडी'तली खूण मला सापडत नाही, ती कुठं आणि का घालतात?" 'र्हा' आणि 'ऱ्हा' यांतला फरक तिला कुणी शिकवलाच नव्हता. मी कागदावर काढून दाखवला: सूर्य, पर्वत यांतला रफार वेगळा, तऱ्हा, वऱ्हाड, दुसऱ्या यांतला र वेगळा. त्या दिवसापासून तासातला अर्धा वेळ ती मला शिकवायची, अर्धा मी तिला. माझा आवाज आपोआप खाली आला. माझ्या स्वभावात खरा बदल झाला असेल तर तो तिथं, त्या दोन खुर्च्यांवर. लहान माणसासमोर 'मला येत नाही' म्हणणं मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

दुसरी गोष्ट माझ्या लक्षात यायला दोन-तीन वर्षं लागली. संगणकावर चूक सुधारणं सोपं झालं, आणि म्हणूनच चुका वाढल्या. पाच मिनिटांची वेलांटी एका क्षणावर आली, मग ती बघायची कुणी? वर्षाअखेर पतसंस्थांचे अहवाल यायचे, त्यात 'दिर्घ मुदत' आणि 'आर्थीक' सर्रास. ती चूक माझ्या डोळ्याला खुपायची. गिऱ्हाईक म्हणू लागले, यांच्याकडे दिलं की शुद्ध येतं. म्हणजे ज्या कामामुळे मला ती शिस्त लागली ते काम संपलं, आणि शिस्तीची किंमत त्यानंतर वाढली. हळूहळू लोक नुसतं टाईप करायला न देता 'जरा वाचून बघा' म्हणून हस्तलिखितं आणू लागले. आज मी मुद्रितशोधन आणि थोडंफार संपादन करतो. खिळे राहिले असते तर मी चांगला जुळारीच राहिलो असतो, यात मला शंका नाही. पण अण्णांनी तसं घडवलं नसतं तर संगणकानं मला नुसता टायपिस्ट केला असता.

अण्णांनाही मी 1996 मध्ये प्रुफं न्यायला सुरुवात केली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. घरी ओसरीत बसून ते वाचायचे, पानाला दोन रुपये मिळायचे. ते आधीच सुचायला हवं होतं. चार वर्षं फुकट गेली, ती माझ्या मनाला लागून आहेत.

दुसरा फेरा 2009 चा, युनिकोडचा, म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षर तेच दिसावं म्हणून ठरवलेल्या एकाच सांकेतिक पद्धतीचा. देवनागरीला युनिकोडमध्ये पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे 1991 पासून जागा होती, आमच्यापर्यंत यायला इतकी वर्षं लागली. तोवर प्रत्येक कंपनीच्या मराठी फॉन्टची अंतर्गत रचना वेगळी. तो फॉन्ट नसला की मजकूर रोमन अक्षरांचा कचरा दिसायचा. एका संस्थेला जुने अहवाल वेबसाईटवर टाकायचे होते, आणि माझ्या सतरा वर्षांच्या फाइली तशाच दिसू लागल्या. पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं. बोटांना टाईपरायटरचा कीबोर्ड बसलेला, तो सोडून इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची वेगळी कळरचना. वय एकोणपन्नास. भीती वाटली, पण 1992 सारखी नाही. पहिल्या दिवशी चूक होणार, तिसऱ्या आठवड्यात चिडचिड होणार, तिसऱ्या महिन्यात बोटं आपोआप जाऊ लागणार, हे मला माहीत होतं. या वेळी शिकवायला भाचा होता. दोन महिन्यांत बसलं.

तुमच्याबद्दल मला जे वाटतं ते असं. बावीस वर्षांत खात्यातला आकडा कुठं खटकतो हे तुमच्या डोळ्याला कळत असणार. ते प्रणालीत नाही, त्या पोरांतही अजून नाही. त्यांच्याकडून बटणं शिकताना त्यांना ते शिकवा. सरावाची खोटी खाती भरत बसू नका, खऱ्या कामावर शिका. मी शंभर पानी वही केली होती, प्रत्येक पायरी माझ्या शब्दांत लिहिलेली. तिनं मला कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त हात दिला. पण त्याआधी उद्या सकाळी साहेबांकडे जा आणि विचारा, जुनी आणि नवी पद्धत किती दिवस बरोबरीनं चालणार आहे. आकडा कमी वाटला तर मुदत मागा, आणि तुमच्या शाखेत साठीला टेकलेलं कुणी असेल तर त्यांच्यासाठीही त्याच अर्जात मागा.