संगीताचं सॉफ्टवेअर: एकरकमी घ्यावं की भाड्यानं?

प्रश्न: दोन वर्षं घरीच गाणी करते आहे. आता इतरांची गाणी मिक्स करून द्यायची कामं मिळू लागली आहेत, कधी महिन्याला दोन, तर कधी दोन-तीन महिने एकही नाही. एका डीएडब्ल्यूची (रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं मुख्य सॉफ्टवेअर) सर्वांत मोठी आवृत्ती आणि चाळीस प्लगिनचं (डीएडब्ल्यूत जोडायची इफेक्टची किंवा वाद्यांची छोटी सॉफ्टवेअर) एक बंडल, दोन्ही निम्म्या किमतीत मिळतंय. सवलत आठवडाभरच आहे. माझ्याकडे तीन महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक आहे, त्यातले दोन महिन्यांचे पैसे यात जातील. नाहीतर मासिक सबस्क्रिप्शन आहेच. काय करू?

उत्तर: बंडल सोडून द्या. डीएडब्ल्यू मात्र विकत घ्या, पण सर्वांत मोठी आवृत्ती नको. पैशाचं काम ज्यात पूर्ण होतं, अशी लहानात लहान आवृत्ती घ्या. आणि शिलकीला हात न लावता, पुढच्या एक-दोन कामांच्या मानधनातून.

मिळकत अशी तुटक असेल तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा लागतो. तुमच्याकडे आज त्याच्या निम्माच आहे. खरेदीनंतर एक महिन्याचा उरेल आणि कामाचा खाडा तर तुम्हीच दोन-तीन महिन्यांचा सांगता. त्या काळात क्रेडिट कार्डावर भागवलंत, तर वाचवलेली सूट व्याजातच जाईल. शिवाय अडचणीत मायक्रोफोन विकता येतो, प्लगिन विकता येईलच असं नाही. काही कंपन्या लायसन्स दुसऱ्याच्या नावावर करूच देत नाहीत, काही शुल्क घेतात. विद्यार्थी सवलतीतली किंवा एखाद्या उपकरणासोबत फुकट आलेली प्रत तर बहुधा विकताच येत नाही. म्हणून ही गुंतवणूक समजू नका, धंद्याचा खर्च समजा.

आठवड्याच्या मुदतीचं दडपण घेऊ नका. प्लगिनच्या धंद्यात वर्षातून अनेकदा सेल लागतात, नोव्हेंबरच्या अखेरीस तर सगळीकडेच. बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत सेलची किंमत हीच खरी किंमत. व्हॅलहाला या प्लगिन कंपनीसारखे काही सन्माननीय अपवाद आहेत, ते सेल लावतच नाहीत. पण तिथेही घाई करण्याचं कारण उरत नाही.

आता भाडं की खरेदी. सबस्क्रिप्शन महिन्याला 1 भाग धरा आणि कायमचं लायसन्स 20 भाग. तीन वर्षांत एखादं मोठं अपग्रेड येईल, त्याचे 7 धरा. म्हणजे तीन वर्षांत खरेदीला 27, सलग भाड्याला 36. पण वर्षातले पाचच महिने भाडं भरलंत तर 15. तुमच्या प्लॅनचे खरे आकडे घालून हेच गणित करा. करार आधी नीट वाचा: ‘महिन्याला अमुक’ असं ठळक लिहिलेले बरेच प्लॅन प्रत्यक्षात वर्षाचे असतात, मधेच थांबवता येत नाहीत.

कागदावर 15 स्वस्त दिसतात, तरी मुख्य डीएडब्ल्यू भाड्यानं घेऊ नका असं मी म्हणेन. काम देऊन आठ महिने झाल्यावर ग्राहक म्हणतो, ‘आवाज जरा पुढे घ्या ना.’ सबस्क्रिप्शन संपलेलं असतं. प्लगिन भाड्याचे असतील तर प्रोजेक्ट उघडतो, पण त्या जागी ‘प्लगिन सापडत नाही’ एवढंच दिसतं. कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारा), रिव्हर्ब (घुमारा देणारा) सगळं गायब, आणि मिक्स ओळखू येत नाही. डीएडब्ल्यूच भाड्याचा असेल तर पुन्हा पैसे भरेपर्यंत प्रोजेक्टवर नीट काम करता येत नाही. म्हणून एखाद्या कामापुरता प्लगिन भाड्यानं घेतलात, तर काम संपताच प्रत्येक ट्रॅक दोनदा बाउन्स करून, म्हणजे ऑडिओ फाइल म्हणून काढून ठेवा: एकदा प्लगिनच्या प्रक्रियेसकट, एकदा कोरा. 24 बिट वेव्ह, सगळ्या फायली गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या. मग त्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये जुळतात. त्या महिन्याचं भाडं त्याच कामाच्या बिलात धरा.

लहान आवृत्ती घेताना नेमकी कात्री कुठे लावली आहे ते बघा. एबलटन लाइव्ह या डीएडब्ल्यूच्या इंट्रो आवृत्तीत 16 ट्रॅकची मर्यादा आहे. नुसत्या ड्रम्सचेच आठ-दहा ट्रॅक येतात, तेव्हा मिक्सिंगला ती पुरणार नाही. एफएल स्टुडिओच्या फ्रूटी आवृत्तीत ऑडिओ रेकॉर्डिंगच नाही, त्यासाठी प्रोड्यूसर लागते. लॉजिक प्रो फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालतं, पण मॅकवर ते एकरकमी मिळतं. रीपर मला तुमच्या परिस्थितीत सर्वांत पटतं. 60 दिवस फुकट वापरून पाहता येतं. त्यातून वर्षाची ढोबळ मिळकत 20,000 डॉलरच्या आत असेल, तर सवलतीचं लायसन्स व्यावसायिक लायसन्सच्या पाव किमतीहून जेमतेम वर मिळतं. सॉफ्टवेअर दोन्हींत तेच, काहीही कापलेलं नाही.

‘कायमचं’ या शब्दावरही फार विसंबू नका. केकवॉक कंपनीनं 2016 मध्ये आपल्या सोनार या डीएडब्ल्यूसाठी ‘लाइफटाइम अपडेट’ विकले आणि 2017 च्या नोव्हेंबरात मालक कंपनी गिब्सननं त्याचं उत्पादनच थांबवलं. आयुष्य कोणाचं, तर कंपनीचं! मार्च 2023 मध्ये वेव्हज या प्लगिन कंपनीनं कायमची लायसन्स विकणं बंद करून फक्त सबस्क्रिप्शन ठेवलं. इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच निर्णय फिरवावा लागला. आणि 2019 च्या मॅकओएस कॅटालिनानं जुन्या पद्धतीचे (32 बिट) प्लगिन एका फटक्यात निकामी केले. काम हातात असताना ऑपरेटिंग सिस्टीम अपडेट करू नका.

बंडलचं म्हणाल तर चाळीसांतले वापरात येतील पाच-सहा, आणि तसलेच बरेचसे डीएडब्ल्यूसोबतच येतात. अडेल तिथे टीडीआर नोव्हा, व्हॅलहाला सुपरमॅसिव्ह, सर्ज एक्सटी हे प्लगिन फुकट आहेत आणि दर्जानं कमी नाहीत. त्यातून पुढे एखादा प्लगिन घ्यायचाच झाला, तर त्याची ट्रायल मोबदल्याच्या खऱ्या कामावर वापरा आणि तो किती ट्रॅकवर लागला ते मोजा. फॉरमॅटही पाहून घ्या: लॉजिकला एयू लागतो, प्रो टूल्स या डीएडब्ल्यूला एएएक्स. सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा संच) घेताना ‘पूर्ण काँटॅक्ट हवं’ असं लिहिलं असेल तर काँटॅक्ट हे ती वाजवणारं सॉफ्टवेअर वेगळं विकत घ्यावं लागतं. फुकटच्या काँटॅक्ट प्लेअरमध्ये अशी लायब्ररी 15 मिनिटांनी थांबते.

लायसन्स किती संगणकांवर चालतं आणि आयलोक (लायसन्स तपासणारी व्यवस्था) लागतं का, हे पैसे भरण्याआधी विचारा. आयलोक क्लाउडला (त्याच्या इंटरनेटवरच्या प्रकाराला) काम करताना सतत इंटरनेट लागतं. नेट तुटलं की सेशनमध्ये अडथळा. संगणक फॉरमॅट करण्याआधी जुनं ॲक्टिव्हेशन काढून टाका, नाहीतर ती जागा अडकून पडते आणि कंपनीच्या सपोर्टला मेल करत बसावं लागतं. बिल तुमच्या कामाच्या नावानं घ्या आणि लायसन्स खात्याचा ईमेल असा ठेवा, जो नोकरी किंवा कॉलेज सुटल्यावर बंद होणार नाही.