चार बेटं, एक वही

प्रश्न : ताई नमस्कार. मी गोव्यातल्या चोडण बेटावरची, रोज फेरीबोटीने रायबंदरला कामाला जाते. फेरी बंद पडली की आम्ही आमचा अर्ज देतो, शेजारच्या दिवाडी बेटावरचे त्यांचा देतात, वांशी बेटावर तर माणसंच थोडी त्यामुळे त्यांचं कोणी ऐकतच नाही. मागच्या पावसाळ्यात एका ऑफिसात मला तोंडावर सांगितलं, "प्रत्येक बेटाचं गाऱ्हाणं वेगळं, कोणाकोणाचं बघायचं?" तेव्हापासून डोक्यात घोळतंय की सगळ्या बेटांची मिळून एक संघटना का होऊ नये. कुठे कोणी असं केलंय का, आणि सुरुवात कशी करायची? – एक वाचक, चोडण

उत्तर : केलंय ना, आणि दिवाडी-चोडणपेक्षा कितीतरी लहान बेटांनी केलंय! डेन्मार्कमध्ये 27 लहान बेटांची एकच संघटना आहे, 1974 पासून चालू. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या 15 बेटांनी तर 1971 मध्येच आपलं मंडळ उभं केलं. मग 2001 मध्ये अशा वेगवेगळ्या देशांतल्या संघटना मिळून युरोपियन स्मॉल आयलंड्स फेडरेशन झालं. भाषा वेगळी, सरकार वेगळं, पण एकत्र बसले की विषय तेच, फेरी, डॉक्टर, शाळेत मुलं कमी झाली, तरुण पोरं बेट सोडून चालली. मी वाचत होते तेव्हा आमच्या धक्क्यावरच्या गप्पा ऐकतेय असंच वाटलं.

युरोपातल्या बेटांसाठी झालेली दोन कामं मला फार मोलाची वाटतात. स्कॉटलंडमध्ये 2018 साली बेटांसाठी वेगळा कायदा झाला, त्यात असं आहे की सरकारी खात्याला नवं धोरण आणायचं असेल किंवा एखादी सेवा बदलायची असेल आणि त्याचा बेटावर इतरांपेक्षा वेगळा परिणाम होणार असेल तर तो आधी तपासायचा. म्हणजे टाइमटेबल बदलायच्या आधीच कोणीतरी विचारणार की शेवटच्या फेरीने परतणाऱ्यांचं काय. आपल्याकडे हे लोक धक्क्यावर ओरडायला लागले की मग विचारतात. दुसरं म्हणजे भाडं. तेवढंच अंतर रस्त्याने गाडी नेली असती तर किती खर्च आला असता, ते धरून तिथे फेरीचं भाडं ठरवायला लागले, 2008 मध्ये काही बेटांवर करून बघितलं आणि 2015 पर्यंत पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे लागू केलं. फेरी हा बेटवाल्यांचा रस्ताच आहे हे सरकारने मानलं, हे मला त्यात सगळ्यात मोठं वाटतं. आपल्याकडे पायी माणसाला फेरी फुकट आहे आणि ते चांगलंच आहे, पण ती वेळेवर आलीच नाही तर फुकट असून उपयोग काय.

आता सुरुवात. माझं माहेर दिवाडीचं. वहिनीला रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा फेरी पलीकडे जुने गोव्याच्या काठाला, आम्ही गाडीचा हॉर्न वाजवतोय, भाऊ टॉर्च हलवतोय, वहिनी मागच्या सीटवर माझा हात दाबून धरून बसलेली, आणि पाण्यावर नुसता काळोख. बाळ सुखरूप झालं, देवाची कृपा. पण नंतर तक्रार घेऊन गेलो तर पहिला प्रश्न आला, तारीख कुठली, वेळ किती, फेरी कुठली, किती वेळ थांबलात? तारीख तेवढी पाठ होती. बाकी "खूप वेळ" याच्या पुढे आम्हाला काही सांगता येईना आणि तिथेच ते संपलं.

म्हणून सांगते, लेटरहेड छापायच्या आधी एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक धक्क्यावर रोज जाणारी दोन-तीन माणसं धरा आणि रोज लिहा, फेरी किती वाजता सुटायची होती, किती वाजता सुटली, बंद असेल तर कारण काय सांगितलं, किती माणसं खोळंबली, त्यात आजारी कोण, परीक्षेची पोरं किती. तीन महिने. त्याच बरोबर माहिती अधिकारात अर्ज टाका, फी 10 रुपये आणि उत्तराची मुदत 30 दिवस, त्यात फेरीच्या दुरुस्तीचं आणि बंद राहिल्याच्या दिवसांचं रेकॉर्ड मागा. मग तुमची वही आणि त्यांचं रेकॉर्ड शेजारी-शेजारी ठेवून बघा.

त्यानंतर एकच ठराव लिहा, शब्दनशब्द सारखा, आणि बेटांवरच्या सगळ्या ग्रामसभांत मांडा. सगळ्या पंचायतींकडून एकाच मजकुराचा कागद गेला की मग कोण म्हणणार प्रत्येक बेटाचं गाऱ्हाणं वेगळं? संघटना रजिस्टर करायला 1860 च्या सोसायटी कायद्याखाली सात माणसं पुरतात, पण त्यात वांशीचा माणूस पाहिजेच, आणि मत सगळ्यांचं सारखं. मोठ्या बेटाला जास्त मतं दिलीत तर वर्षभरात लहान बेटं गळतील.

प्रश्न : ते सगळं ठीक, पण आमच्या दिवाडीत अर्ध्यांना पूल हवा आणि अर्ध्यांना नको. त्यावरून एकाच घरात बोलणं बंद होतं. मग कसली संघटना? – एक वाचक, दिवाडी

उत्तर : पुलाचा विषय संघटनेत आणूच नका. तो ज्या त्या बेटाने ठरवायचा. चोडणला मयेच्या बाजूने रस्ता आहे, जुवें बेटाला पूल आहेत, त्यांनी दिवाडीसाठी हात वर करून काय ठरवायचं? माझं स्वतःचं मत सांगते, मला पुलाची भीती वाटते, फेरी बंद पडेल यापेक्षा जमिनीचे दलाल येतील याची जास्त. पण माझ्या भावाला तो हवाय आणि त्या रात्रीनंतर मी त्याला नको म्हणू शकत नाही. आम्ही दोघंही फेरी वेळेवर हवी यावर मात्र एकमताने सही करतो. आणि पूल झाला म्हणून फेरीचं भांडण फुकट गेलं असंही नाही. कोचीजवळच्या वायपीन बेटाला 2004 मध्ये पूल मिळाले, तरी एप्रिल 2023 मध्ये वॉटर मेट्रोच्या बोटी सुरू झाल्या तेव्हा पहिल्याच मार्गात वायपीन होतं.

प्रश्न : मी जुव्याचा, कॉलेजला आहे. आमच्याकडे जुनी माणसं मीटिंग म्हटलं की पाठ फिरवतात. लोकांना एकत्र काम करायची सवयच नाही असं वाटतं. – एक वाचक, जुवें

उत्तर : अरे, तुझ्या बेटावरची खाजनं कोणी राखली मग? खाजन म्हणजे भरतीच्या पातळीच्या खालची जमीन, बांध एका जागी फुटला की खारं पाणी एकट्याच्या शेतात थांबत नाही, सगळ्यांचं भात जातं. म्हणून बांध सगळ्यांचा, आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळीसुद्धा. भरतीला ती पाण्याच्या जोराने आपोआप बंद होते, ओहोटीला उघडते, आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याला जाळं लावून मासे धरायच्या हक्काचा लिलाव होतो, त्याच पैशातून बांधाची डागडुजी व्हायची. कोणी माशांच्या लोभाने जास्त खारं पाणी आत ठेवलं की भांडणं व्हायची, आणि ती मिटवायला जुनी माणसं रात्र-रात्र बसलेली आहेत. स्कॉटलंडमधल्या एग बेटावर लोकांनी 1997 मध्ये बेटच मिळून विकत घेतलं, 2008 पासून वारा, ऊन आणि ओढ्यांवर स्वतःची वीज करतात, आणि एका घराने एका वेळी 5 किलोवॅटच्या वर ओढायची नाही असा नियम त्यांनी स्वतःच घातलाय. तुझ्या आजोबांना हे सांगितलंस तर त्यांना काही नवल वाटणार नाही, मानशीचा नियम असाच होता म्हणतील.

त्यांना मीटिंगला ये म्हणू नकोस, बांधावर जाऊन विचार, कुठे खचलाय, कोणाकडे निरोप द्यायचा. ते सगळं त्याच वहीत मागच्या पानापासून लिहायला घे. आणि मानस बघणाऱ्या माणसाला पहिल्या बैठकीला बोलव, फक्त बैठक ओहोटीच्या वेळी ठेवू नकोस, तेव्हा तो जाळ्यावर असतो.