'वी नेव्हर लर्न' या मांगाला (जपानी कॉमिकला) पाच शेवट का आहेत? खरा कोणता, आणि वाचायचे कसे?

पाचही खरे. ही एक मुलगा आणि पाच नायिकांची प्रेमकथा. लेखक तैशी त्सुत्सुई यांनी एकीला जिंकवून उरलेल्या चौघींना हरवायचं टाळलं, म्हणून प्रत्येकीला वेगळा शेवट. नायक नारियुकी बारावीच्या वयाचा, घरची परिस्थिती बेताची. शिष्यवृत्तीसाठी मुलींना शिकवतो. फुमिनो, रिझू आणि उरुका या त्याच्याच वर्षाच्या, आसुमी वर्षाने मोठी, तर माफुयू चक्क शिक्षिका.

'शोनेन जम्प' या जपानी साप्ताहिकात ही मालिका 2017 ते 2020 चालली. 21 खंड, 187 प्रकरणं. 150व्या प्रकरणात उरुकाचा शेवट येतो. बरेच जण तिथेच पुस्तक मिटतात आणि फसवल्यासारखं वाटून घेतात. पुढे रिझू, फुमिनो, आसुमी, माफुयू अशा क्रमाने समांतर कथा आहेत. त्या सलग गोष्ट म्हणून वाचू नका. प्रत्येक वेळी मागचा शेवट झालाच नाही असं धरायचं, नाहीतर नायक दर दहा प्रकरणांनी मन बदलतोय असं वाटतं.

शाळेच्या महोत्सवातली आतषबाजी नीट लक्षात ठेवा. पहिला बार उडताना नारियुकीचा हात कुणाला लागला, हे मुद्दाम झाकलंय. फाटे तिथूनच फुटतात. समांतर कथा सुरू करण्याआधी तो भाग पुन्हा चाळा.

फक्त ॲनिमे, म्हणजे मांगावरची ॲनिमेशन मालिका, पाहिला असेल (2019, दोन सीझन) तर तो उरुकाकडे झुकून संपतो, कारण तेव्हा मूळ मालिकाच पूर्ण झाली नव्हती. म्हणून मांगा पहिल्या खंडापासून घ्या. माझ्या मते फुमिनोचा शेवट सर्वांत भरीव, कारण तिच्या घरच्या प्रश्नाची तयारी आधीपासून झालेली आहे.