कॅप्टन मार्व्हलचा ‘शझॅम’ कसा झाला?

प्रश्न : २०१९ साली काही आठवड्यांच्या अंतराने ‘कॅप्टन मार्व्हल’ आणि ‘शझॅम’ हे दोन चित्रपट आले. दुसऱ्या चित्रपटातील नायकाचे मूळ नावही कॅप्टन मार्व्हल हेच होते आणि तो सुपरमॅनची नक्कल असल्याचा निकाल लागल्यामुळे त्याचे नाव हिरावले गेले, असे माझा मुलगा सांगतो. हे खरे आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या मुलाच्या सांगण्यातला पहिला भाग पूर्णपणे खरा आहे, दुसरा मात्र अर्धाच.

सुपरमॅन १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकातून वाचकांसमोर आला आणि त्याचा खप पाहून अमेरिकेतील इतर प्रकाशकांनीही तसेच नायक शोधायला सुरुवात केली. त्यांपैकी फॉसेट या प्रकाशन संस्थेसाठी लेखक बिल पार्कर आणि चित्रकार सी. सी. बेक यांनी १९४० साली कॅप्टन मार्व्हल निर्माण केला. बिली बॅटसन हा वर्तमानपत्रे विकणारा अनाथ मुलगा ‘शझॅम’ हा शब्द उच्चारतो, आकाशातून वीज कोसळते आणि त्याच्या जागी लाल पोशाखातला बलदंड पुरुष उभा राहतो, ही त्या कथेची मूळ कल्पना. सॉलोमन, हर्क्युलिस, ॲटलास, झ्यूस, अकिलीस आणि मर्क्युरी यांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून तो शब्द बनवला होता. सुपरमॅन हा मुलांनी ज्याच्याकडे मान वर करून पाहावे असा नायक होता, तर कॅप्टन मार्व्हल मूल स्वतःच होऊ शकत होते. माझ्या मते या दोघांमधला खरा फरक हाच आहे, आणि नकलेच्या चर्चेत तोच नेहमी विसरला जातो. चाळीसच्या दशकाच्या मध्यास त्याच्या मासिकाच्या एकेका अंकाचा खप तेरा-चौदा लाखांच्या घरात पोहोचला होता आणि काही काळ तो सुपरमॅनच्याही पुढे होता.

सुपरमॅनच्या प्रकाशकांनी, म्हणजे आज आपण ज्यांना डीसी म्हणून ओळखतो त्यांनी, १९४१ साली फॉसेटवर स्वामित्वहक्काच्या भंगाचा दावा लावला. ‘वंडर मॅन’ नावाच्या दुसऱ्या एका नायकाविरुद्धचा असाच दावा त्यांनी आधी जिंकलेला असल्यामुळे त्यांची बाजू भक्कम वाटत होती. प्रत्यक्षात सुनावणी व्हायला १९४८ साल उजाडले. खालच्या न्यायालयाने नक्कल झाल्याचे मान्य केले, पण वर्तमानपत्रांतून छापल्या गेलेल्या सुपरमॅनच्या काही चित्रपट्ट्यांवर हक्काची सूचना नीट दिलेली नव्हती, म्हणून फिर्यादींनी आपला हक्क सोडून दिला आहे, असे ठरवून दावा फेटाळला. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात ही छापील सूचना अतिशय महत्त्वाची होती.

अपिलात, १९५१ साली, न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी हा निर्णय फिरवला. फिर्यादींनी हक्क सोडलेला नाही आणि फॉसेटने नक्कल केली आहे, असे त्यांनी म्हटले. मात्र अफाट शक्तीचा नायक ही कल्पना कोणा एकाची मालमत्ता होऊ शकत नाही, म्हणून कोणती विशिष्ट चित्रकथा कोणत्या चित्रकथेवरून उचलली हे एकेक करून दाखवावे लागेल, असे सांगून त्यांनी प्रकरण पुन्हा खाली पाठवले. म्हणजे कॅप्टन मार्व्हल हा नायकच नक्कल असल्याने बंद करावा, असा निकाल कोणत्याही न्यायालयाने दिलेला नाही.

तो बंद पडला तो तडजोडीने. दुसऱ्या महायुद्धानंतर महानायकांच्या मासिकांचा खप घसरत गेला होता. वाचक गुन्हेगारीच्या, प्रेमाच्या आणि भयकथांच्या अंकांकडे वळले होते. ज्या मासिकांतून पूर्वीसारखे उत्पन्न येत नाही त्यांच्यासाठी आणखी काही वर्षे वकिलांवर खर्च करण्यात फॉसेटला अर्थ वाटला नाही. १९५३ साली त्यांनी चार लाख डॉलर देऊन कॅप्टन मार्व्हलचे प्रकाशन थांबवण्याचे मान्य केले. ऐन भरात, म्हणजे १९४४-४५ मध्ये, हा वाद याच टप्प्यावर आला असता तर फॉसेटने इतक्या सहज माघार घेतली नसती, असे मला वाटते.

याचा धक्का इंग्लंडपर्यंत पोहोचला. तिथे या कथांचे पुनर्मुद्रण करणाऱ्या प्रकाशकाचा मजकूरच आटला, तेव्हा मिक अँग्लो यांनी १९५४ साली त्याच साच्यातला ‘मार्व्हलमॅन’ उभा केला. त्याचा मंत्र होता ‘किमोटा’, म्हणजे ‘ॲटॉमिक’ या शब्दाचा उलटा उच्चार.

आता नावाविषयी. नायक छपाईतून गेल्यावर ‘कॅप्टन मार्व्हल’ हे नाव मोकळे पडले आणि १९६७ साली मार्व्हल कॉमिक्सने त्याच नावाचा अगदी वेगळा नायक आणून ते आपल्याकडे घेतले. आपण पाहिलेल्या पहिल्या चित्रपटातील नायिकेकडे हे नाव त्याच परंपरेतून आले आहे. पुढे १९७२ साली मूळ नायक प्रकाशित करण्याचा परवाना फॉसेटकडून मिळवला तो खुद्द डीसीने, म्हणजे ज्यांनी त्याला न्यायालयात खेचले होते त्यांनीच. पण मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘कॅप्टन मार्व्हल’ हे शीर्षक छापणे आता त्यांना शक्य नव्हते, म्हणून १९७३ च्या पहिल्या अंकावर बिलीचा मंत्रच शीर्षक म्हणून आला. आतल्या पानांत मात्र नायक आणखी कित्येक वर्षे कॅप्टन मार्व्हलच राहिला. मुखपृष्ठावर वर्षानुवर्षे दिसणारा शब्द हेच वाचकांच्या लेखी त्याचे नाव होऊन बसले होते, आणि गेल्या दशकाच्या सुरुवातीला डीसीने ते अधिकृतपणे स्वीकारले.