ती दुसरी गोळी कोण खातंय?

पत्र:

ताई, आम्ही साताऱ्याचे. मिस्टर 61 वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर. चार वर्षांपूर्वी त्यांनी डायबेटिसचा एक वर्षभराचा प्रोग्रॅम लावला, फी भरपूर होती, माझ्या भिशीचे पैसे त्यात गेले. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, 9.2 वरून 6.3 वर आला, वजन 11 किलो उतरलं, रोजच्या दोन गोळ्यांची एक झाली. आता प्रोग्रॅम संपून तीन वर्षं झाली आणि मागच्या महिन्यात रिपोर्ट 7.3 आला. म्हणजे पैसे वायाच गेले ना? तरी तिथल्या लोकांचा ग्रुप काही सुटत नाही. सकाळी चालायला तेच, रविवारी कुणाच्या तरी घरी जमतात, व्हॉट्सअ‍ॅपवर शुगरचे आकडे टाकत बसतात. एकाच्या पायाचं ऑपरेशन झालं तर हे दोन रात्री दवाखान्यात झोपायला. घरात बोलायला शब्द नाही आणि तिथे तासन् तास हसतात. मुलगा पुण्याला, मी दिवसभर एकटी. शुगर तर मलाही आहे, गर्भपिशवीच्या ऑपरेशनच्या वेळी निघाली होती त्याला सहा वर्षं झाली, पण माझी थोडीच आहे. मेडिकलवाला जुन्याच चिठ्ठीवर यांच्या गोळ्या देतो, त्यातली उरलेली मी आठवण झाली की घेते. त्रास काही नाही, फक्त उपासाला हातपाय थरथरतात आणि देवळात जाताना वगैरे चप्पल पायातून कधी निघते कळत नाही. तर यांना तो ग्रुप सोडायला कसं सांगू?

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते तुमच्या मिस्टरांबद्दल होतं. दुसऱ्यांदा त्या उरलेल्या गोळ्यांपाशी थांबले. तिसऱ्यांदा चपलेचं वाक्य वाचलं आणि मग मला रात्री झोप नाही आली, खरं सांगते.

चप्पल पायातून निघते आणि कळत नाही, हे तुम्ही "वगैरे" म्हणून लिहून टाकलंत. डायबेटिसचे डॉक्टर पेशंटला हा प्रश्न मुद्दाम विचारतात, चालताना चप्पल निसटली तर समजतं का. समजत नसेल तर पायाच्या नसा बधिर व्हायला लागल्या असण्याची शक्यता असते. हे एका महिन्यात होत नाही हो, वर्षं जातात त्यात. तुमची सहा गेलीच आहेत, आणि त्याआधीची किती ते कोणाला माहीत नाही, कारण ऑपरेशन निघालं नसतं तर तेव्हाही कळलं नसतं.

माझ्या आईचं सांगते. गणपतीचे दिवस होते, आम्ही मखर बांधत होतो, खाली टाचण्या सांडलेल्या. रात्री तिचे पाय चेपायला बसले तर तळव्यात माझ्या बोटाला काहीतरी लागलं. टाचणी होती, डोक्यापर्यंत आत रुतलेली, आणि ती बाई सकाळपासून त्या पायानं स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून आत करत होती, एकवीस मोदक केले होते तिनं. मी विचारलं दुखत नाही का गं, तर म्हणाली काय दुखतंय? त्या जखमेचं पुढे तीन महिन्यांनी एक बोट काढण्यात झालं. तीसुद्धा म्हणायची, माझी थोडीच आहे.

थोडी शुगर असं काही नसतं ताई. तुमची किती आहे हे तुम्हालाच माहीत नाही, सहा वर्षांत मोजल्याचा एक शब्द पत्रात नाही. यांचं 9.2, यांचं 6.3, यांचं 7.3, यांचे 11 किलो, सगळे आकडे तोंडपाठ. स्वतःचा एक नाही.

आता त्या गोळीचं. तुम्ही नवऱ्याच्या ताटातलं उरलेलं संपवता ना? कालचा भात, सकाळची भाकरी, वाया नको म्हणून. आपल्याकडे बायका हे करतातच आणि त्याला कोणी आजार म्हणत नाही. पण तुम्ही नवऱ्याचं उरलेलं औषधसुद्धा संपवताय! त्यांची दुसरी गोळी डॉक्टरांनी बंद केली, मेडिकलवाल्याला कोणी सांगितलं नाही, आणि ती गोळी वाया जाऊ नये म्हणून तुमच्या पोटात जाते, तीसुद्धा आठवण झाली तर. गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. पाकिटावर नीट बघा, ग्लिमेपिराइड असं काही असेल तर ती गोळी तुम्ही जेवलात की नाही याची वाट बघत नाही, शुगर खाली ओढतच राहते. संकष्टीला दिवसभर उपाशी आणि पोटात ती गोळी, मग हातपाय थरथरणार नाहीत तर काय होईल. तुम्ही त्याला उपासाचा अशक्तपणा समजताय. शुगर एकदम खाली गेली की असंच होतं, घाम येतो, डोळ्यापुढे अंधारी येते, आणि एकटी बाई स्वयंपाकघरात गॅस चालू असताना पडू शकते. पुन्हा तसं झालं तर उपास मोडायचा, ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, देव काही म्हणत नाही. आणि यांच्या पाकिटातली गोळी आजपासून बंद, तुमच्या नावाची चिठ्ठी याच आठवड्यात करून घ्यायची.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं, पैसे वाया गेले का. नाही गेले. तुम्ही 7.3 ची तुलना 6.3 शी करताय, 9.2 शी करा. ब्रिटनमध्ये अनेक वर्षं चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं की हा आकडा एकानं कमी असला की डोळे-किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांचा धोका साधारण 37 टक्क्यांनी कमी असतो, तुमच्या मिस्टरांचा अजूनही जवळजवळ दोननं कमी आहे. आणि परत चढणं तर सगळीकडेच होतं, तिथल्याच दुसऱ्या एका वजन उतरवण्याच्या प्रोग्रॅममध्ये वर्षाअखेर 46 टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय डायबेटिसच्या आकड्याखाली होती, दोन वर्षांनी 36, पुढे पाच वर्षांपर्यंत ज्यांच्याकडे लक्ष ठेवलं त्यांच्यात 13. प्रोग्रॅम संपला, विचारणारं माणूस गेलं की फायदा हळूहळू विरतो. तुमच्या मिस्टरांचं विचारणारं माणूस गेलं नाही. फी घेणारे गेले, ग्रुप राहिला, आणि माझ्या मते 7.3 चं 9 झालेलं नाही ते त्या रोजच्या चालण्यामुळे आणि त्या आकडे टाकणाऱ्या माणसांमुळे.

अजून एक सांगते, हे तुमच्यासाठी आहे म्हणून नीट वाचा. चीनमध्ये दाचिंग म्हणून तेलविहिरींचं शहर आहे. तिथे 1986 साली डायबेटिसच्या उंबरठ्यावर असलेली 577 माणसं घेतली, त्यातल्या बहुतेकांना सहा वर्षं खाण्याचं, व्यायामाचं किंवा दोन्हींचं मार्गदर्शन दिलं, एकेकट्यानं आणि ग्रुपमध्ये बसवून, बाकीच्यांना नेहमीचंच. सहा वर्षांनी बंद केलं. मग नुसतं बघत राहिले, तीस वर्षांपर्यंत. ज्यांना मार्गदर्शन मिळालं होतं त्यांना डायबेटिस सरासरी चार वर्षं उशिरा झाला, हार्टअटॅक, लकवा वगैरे साधारण पावपट कमी, आयुष्य जवळपास दीड वर्षानं जास्त. आणि 23 वर्षांनी मोजलं तेव्हा मृत्यू कमी झाल्याचा फरक स्पष्ट दिसला तो बायकांमध्ये, पुरुषांमध्ये जवळजवळ नाहीच. ती माणसं उंबरठ्यावरची होती, तुम्ही आत आलाय, तेवढा फरक धरा. पण हे वाचल्यावर मला राग आला तो याचा की फी तुमच्या भिशीची, वर्षभर ज्वारीची भाकरी तुम्ही थापलीत, मोड तुम्ही आणलेत, पालेभाजीत तेल किती घालायचं ते तुम्हाला चमच्यावर पाठ आहे, अख्खा प्रोग्रॅम तुमच्या ओट्यावर झाला आणि त्यातला घास तेवढा तुमच्या तोंडात गेला नाही. तुम्ही पलीकडे कालचा भात परतून खात होतात, हो की नाही?

ते हसतात म्हणून तुम्हाला त्रास होतोय, ते मला समजतं. मी असे ग्रुप जवळून बघितलेत. कोणीतरी लग्नाचं जेवून येतो, दुसऱ्या दिवशी 212 टाकतो, घरी बायकोला सांगायची हिंमत नसते कारण ती म्हणणार मी सांगितलं होतं ना, आणि तिकडून दुसरा लिहितो, माझी 230 आहे, चल संध्याकाळी एक फेरी जास्त मारू. एवढंच असतं ते. पण या आजारात माणूस रोज चोरी पकडल्यासारखा जगत असतो, प्रत्येक घासाला घरातले चार डोळे, आणि तिथे त्याला कोणी चोर समजत नाही, म्हणून तो तिथे हसतो. तुमच्याशी बोलत नाहीत हे वाईटच आहे, पण ग्रुप सोडवून ते बोलायला लागतील असं तुम्हाला मनापासून वाटतं का? मला वाटतं ते पुन्हा टीव्हीपुढे बसतील आणि शुगर 9 वर जाईल.

आणि ताई, तुम्हाला सहा वर्षांत एकदाही कोणी विचारलेलं नाही, आज तुझी किती आली? मला तुमच्या अख्ख्या पत्रात तेच ऐकू आलं.

म्हणून मी त्यांना ग्रुप सोडायला सांगणार नाही. तुम्ही त्या ग्रुपमध्ये जा. या रविवारी. पोह्यांचं पातेलं घेऊन नाही, कोणाची मिसेस म्हणूनही नाही, हातात स्वतःचा रिपोर्ट घेऊन. त्याआधी सोमवारी सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जाऊन शुगर आणि एचबीएवनसी, सोबत बी12 सांगा कारण या गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी12 उतरतं आणि त्यानंही पाय बधिर होतात, लघवीची प्रोटीनची तपासणी, आणि मग डॉक्टरांना पाय दाखवायचे, नायलॉनची बारीक तार तळव्याला टेकवून बघतात, पाच मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. त्याच महिन्यात डोळ्यात औषध घालून पडदा तपासून घ्या. पैशाचं कारण सांगाल म्हणून सांगते, जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरच्या सगळ्यांची शुगर फुकट बघतात आणि साध्या गोळ्याही तिथे मिळतात. पण जाणार कोण, हा प्रश्न आहे, डबा, पाणी, गॅस सिलिंडर सोडून. एक दिवस मिस्टर थांबतील घरी. रिटायर आहेत ना.

त्यांना हे पत्र वाचायला द्या. साहेब, मित्राच्या पायासाठी दोन रात्री जागलात, चांगलं केलंत. आज रात्री बायकोचे तळवे उजेडात धरून बघा, बोटांच्या फटीतसुद्धा. आणि तीन वर्षं तुमच्या पाकिटातली दुसरी गोळी कुठे जाते हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही, ते तिला विचारू नका, स्वतःला विचारा. मेडिकलवाल्याकडची जुनी चिठ्ठी उद्याच परत घ्या.

ताई, चपला बदला, मागे पट्टा असलेल्या घ्या. घरातही अनवाणी नको, देवळात पायात मोजे घालून जा, कोणी काही म्हणत नाही. सोमवारी रात्री दोन भाकऱ्या जास्त थापा, त्या तुमच्या, गरम असताना त्यांच्याबरोबर बसून खायच्या. रिपोर्ट आला की मला कळवा. फक्त तुमचा आकडा लिहा, दुसरं काही नको.