माती की जनुकं?

प्रश्न : मी कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आवड जनुकशास्त्राची, पण घरचे म्हणतात मृदाशास्त्र घे. जमिनीत लोह भरपूर असूनही सोयाबीन पिवळं का पडतं, हे कोडं मात्र डोक्यातून जात नाही. काय निवडू? – एक विद्यार्थिनी

उत्तर : ते कोडंच निवड. त्याचं अर्धं उत्तर मातीत आहे, अर्धं जनुकांत.

चुनखडीच्या जमिनीत सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) जास्त, त्यामुळे लोह विरघळत नाही, मुळांना मिळत नाही आणि पान पिवळं पडतं. सोयाबीन, टोमॅटोसारखी द्विदल पिकं अशा वेळी मुळाभोवती आम्लता वाढवतात, सहज न विरघळणाऱ्या फेरिक लोहाचं विरघळणारं फेरस करतात आणि आयआरटी१ या वाहक प्रथिनातून ते आत घेतात. टोमॅटोत या कामाची सूत्रं ‘फेर’ जनुकाकडे असतात. ते बिघडलेलं रोप नेहमीच्या मातीत तगत नाही. मका, गव्हाची तऱ्हा निराळी. त्यांची मुळं लोहाला धरून ठेवणारे फायटोसिडरोफोर बाहेर सोडतात आणि लोहासकट परत ओढून घेतात. मक्यात हे ओढून घेणारं जनुक, ‘यलो स्ट्राइप १’, २००१ मध्ये हाती लागलं. भात दोन्ही वाटांनी लोह घेतो.

मग ही जनुकं कायम चालूच ठेवली तर? मुलाखतीत हे उत्तर देऊ नकोस! आयआरटी१ चोखंदळ नाही, त्यातून कॅडमियम हा विषारी धातूही आत शिरतो. शिवाय जादा लोह पेशीला घातकच. म्हणून वाहक बंद कधी होतो, हेही तितकंच शिकावं लागतं.

पदव्युत्तर शिक्षणासाठी वनस्पती शरीरक्रियाशास्त्र घे आणि पिकांच्या पोषणावर काम करणारा मार्गदर्शक शोध. विषयाच्या नावापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा, असं माझं मत. त्यांच्याकडे रोपं पोषकद्रावणात वाढवतात का, हे आधी विचार. सांख्यिकी टाळू नकोस. बियाणे कंपन्यांत, लोह-जस्तयुक्त वाणांच्या पैदाशीत या शिक्षणाला वाव आहे. संशोधनाची वाट मात्र लांबची, घरच्यांना ते आत्ताच सांगून ठेव.

आणि सुट्टीत एक कर. सोयाबीनची रोपं दोन ट्रेमध्ये पोषकद्रावणावर लाव, एकात लोह घालू नकोस. आधी कोवळं पान पिवळं पडेल, शिरा हिरव्या राहतील. रोज फोटो काढ, सामू मोजून वहीत लिही. मार्गदर्शकाला भेटायला जाताना ती वही सोबत ने.